बिनफेसाची बाटली

नवरोबा,

चहा थर्मासमध्ये आहे. मी पार्लरला गेलेय. हो, त्याच पार्लरला. "हातांची पार वाट लागलीय, सोड ते काम," असं म्हणत ज्याच्यापायी तू माझं डोकं खायचास.

बाथरूममधल्या शाम्पूच्या हिरव्या बाटलीला तू नाक मुरडलंस. फेस येत नाही म्हणून काल अर्धी बाटली डोक्यावर ओतलीस, तरी आला नाही. तो येणारच नाही. बायकांची डोकी धुता धुता माझ्या बोटांना भेगा पडल्या, त्या फेसाळ शाम्पूनेच. काम सोडायचं नव्हतं, शाम्पू सोडायचा होता. आता मालकीणबाईंनी पार्लरमध्येही हाच बिनफेसाचा ठेवलाय. आधी कुरकुरणाऱ्या बायका आता घरी न्यायला बाटली मागतात.

मलमाची ट्यूब आणि रबरी हातमोजे कचऱ्यात टाकलेत. "असू देत, लागतील" म्हणून परत काढून ठेवू नकोस. नवी बाटली येताना आणते. ती जपून वापर, थेंबभर पुरतं.

निघताना तुझ्या गालावरून हात फिरवला. एरवी खरखरीत लागला की दचकून उठायचास. आज कूस बदलून खुशाल घोरत राहिलास.

आता बोल.