लाल डावीकडे, निळ्या उजवीकडे

९ मार्च, रविवार

गॅरेज रिकामं करायचं. चौदा एप्रिलच्या आत.

फोन मले नव्हता, ज्योत्स्नाले होता. पोरीचा फोन मायलेच असते. मी बाजूच्या खोलीत पेपर धरून बसलो होतो, कान तिकडेच. फोन ठेवून ज्योत्स्ना आली. म्हणे, "दर्शनी येते म्हणते जयंतीले. पण अट आहे तिची. गॅरेजमधलं ते सामान दिसलं नाही पाह्यजे."

मी म्हटलं, तिचंच तं सामान आहे.

"तिचं कधी होतं? तुमचंच होतं ते."

मागच्या जयंतीले आली नाही. दसऱ्याले दीक्षाभूमीवर गेली ते मैत्रिणींसंग, आम्ही दोघं वेगळे. अमरावतीहून अकोला काय सातासमुद्रापार आहे? एसटीनं अडीच तास. जठारपेठेत खोली करून राहते, तिथल्याच एका लॅबमध्ये नोकरीवर आहे. पण अडीच तासाचं दीड वर्ष झालं.

ठीक आहे. काढतो सामान. पोरगी येत असन तं भिंतीही काढतो.

११ मार्च

सुरुवात केली. म्हणजे झाडलं, पुसलं, वजन उचलायच्या बारले तेल लावलं. ज्योत्स्ना दारात उभी राहून म्हणे, "भंगारात द्यायच्या वस्तूले तेल कोण लावते?" मी म्हटलं, मग गंजलेलं द्यायचं का.

तीस वर्षं आयटीआयले फिटर ट्रेड शिकवला. पोट्ट्यायले पहिल्या दिवशी दोनच गोष्टी सांगत होतो — प्रत्येक हत्याराले जागा पाह्यजे, आन् मोजल्याशिवाय कानस लावायची नाही. लॉकडाऊनमध्ये सरावाचे हॉल बंद पडले तेव्हा दर्शनी बारावीत होती. वेटलिफ्टिंगमध्ये जिल्ह्यात पहिली आलेली पोट्टी, घरात कोंडून बसली. हे गॅरेज गाडीसाठी बांधलं होतं, गाडी काही घेतलीच नाही. आठ दिवसात जिम उभी केली मी. रॅक स्वतः वेल्डिंग केला. भिंतीवर खुंट्या ठोकल्या आन् प्रत्येक वस्तूच्या मागं तिची आकृती पांढऱ्या पेंटनं काढली. इथं बार, इथं कमरेचा बेल्ट, इथं हाताले लावायच्या खडूचा डबा, दाराजवळ तिचं वजन करायचा काटा. वस्तू जाग्यावर नसली की भिंतच चुगली करे.

बारले चढवायच्या वजनाच्या प्लेटा दोन जागेहून आल्या. आठ एका बंद पडलेल्या तालमीतून, जुन्या. आठ ओळखीच्या फाउंड्रीतून ओतून घेतल्या, नव्या. आकडे तेच, पण चेहरे वेगळे. एका भिंतीवर जुन्या-नव्या मिसळलेल्या माह्या डोळ्याले खपत नव्हत्या. म्हणून जुन्यायले लाल टिक्का दिला, त्या डाव्या भिंतीवर. नव्यायले निळा, त्या उजव्या भिंतीवर. बार मधात. लाल डावीकडे चढणार, निळ्या उजवीकडे, कोणी विचारायचंही काम नाही. शेजारचे पाहायले येत. म्हणत, धर्मेंद्र सर, हे जिम आहे का ऑपरेशन थिएटर!

मले लय बरं वाटे तेव्हा.

१२ मार्च

दुपारी पडलो. उठलो. गॅरेजमध्ये गेलो. परत आलो. असं चार वेळा. ज्योत्स्ना म्हणे, "पायाले भिंगरी बांधली का?"

रिटायर होऊन दहा महिने झाले. हाताले काम नाही, अन् जे आहे ते हातून होत नाही.

१६ मार्च, रविवार

दर्शनीचा बेल्ट काढला खुंटीवरून. चामड्यावर उजव्या बाजूले घामाचा काळा डाग आहे, तिथंच ती हात धरे.

लिहून टाकतो, नाहीतर डोक्यात फिरत राहते. दुसऱ्या वर्षापासून तिची तक्रार सुरू झाली. "बाबा, बार डावीकडे ओढतो." मी पाण्याची नळी लावून फरशी तपासली — सपाट. दोरा ताणून बार तपासला — सरळ. ओळंबा लावून रॅक तपासला. कुठं केसाचाही फरक नाही. मग म्हटलं, बार सरळ आहे, तूच वाकडी आहेस. वर्षभर हेच चालू. तिची उजवी कंबर दुखायले लागली. डॉक्टर म्हणे, स्नायू ताणला, आराम द्या. मी दिला आराम. चार दिवस.

मग स्पर्धेच्या महिनाभर आधी मी संध्याकाळी आत आलो तं काय, एक लाल वीसची उजवीकडे चढवलेली! डावीकडे एक लाल, उजवीकडे एक लाल. मी म्हटलं, रंग दिसत नाहीत का तुले? स्वतःच्या हातानं काढली, निळी चढवली. ती माह्याकडे पाहत राहिली, मी कोण आहे हेच ओळखू न आल्यासारखी. त्यानंतर बार ओढते म्हणून एकदाही म्हटलं नाही तिनं. मले वाटलं, सुधरली.

राज्यस्पर्धेत तिन्ही उचल बाद. तिन्ही वेळा बार उजवीकडे कलला. घरी डावीकडे म्हणे, तिथं उजवीकडे! माहं डोकं गेलं. हॉलमध्ये, पन्नास लोकांसमोर म्हटलं, "खोटं बोलते तू. बहाणे आहेत सारे. तुले उचलायचंच नव्हतं."

तिनं बेल्ट सोडला, घडी घालून माह्या हातात दिला. दुसऱ्या महिन्यात अकोल्याले गेली.

२० मार्च

शालिकराम भंगारवाला आला सकाळी. हातगाडी फाटकाशी लावली, लटकता काटा काढला. मी म्हटलं, काटा कशाले, वजन प्लेटवरच ओतलेलं आहे, वीस म्हणजे वीस.

तो हसला. म्हणे, "सर, लोखंडावर काही लिहा, आपण काट्यालेच इचारतो."

पहिली लाल वीसची लावली. वीस किलो चारशे. दुसरी लाल — वीस चारशे. मग निळी. अठरा नऊशे. मी म्हटलं, परत लाव. परत अठरा नऊशे. दुसरी निळीही तेवढीच.

"सर, हे दोन्ही वीस कसे काय म्हणून राहिले तुमी? लाल टिक्केवाल्या भारी हायेत, निळ्या हलक्या. दीड किलोचा फरक हाये एकेकीत. भट्टीवाल्यानं माल कमी ओतला असन."

त्याले परत पाठवलं. म्हटलं, बेंच घेऊन जा, रॅक घेऊन जा, डंबेल घेऊन जा, बार घेऊन जा. प्लेटा नाही. तो बिचारा काटा गुंडाळत विचारत होता, "काही चुकलं का माहं?"

मग दाराजवळचा काटा खुंटीवरून काढला. दर्शनीचं वजन रोज ज्याच्यावर करत होतो तो. दहाची लाल — दहा दोनशे. दहाची निळी — नऊ चारशे.

२१ मार्च

बार स्वतः पंधराचा; पंच्याहत्तर करायले एकेका बाजूले एक वीस, एक दहा. डावीकडे दोन किलो तीनशे जास्त.

तीन वर्षं. आठवड्यातून सहा दिवस.

२२ मार्च

फरशी मोजली, बार मोजला, रॅक मोजला. प्लेट नाही मोजली. आकडा ओतलेला होता नं तिच्यावर!

सगळ्यात वाईट काय, तं उपाय पाच मिनिटाचा होता. लाल वीसच्या दोन आहेत. एक इकडे, एक तिकडे. झालं. मिसळल्या असत्या तं काहीच झालं नसतं. ज्याचं घर पसारा असते, त्याच्या घरी हे झालं नसतं. हे फक्त माह्याच घरी होऊ शकत होतं.

ती बरोबर सांगत होती. बार ओढतच होता. आन् स्पर्धेत खरा, दोन्हीकडे सारखा बार हातात आला तेव्हा तिचं अंग सवयीनं डावीकडून जास्त जोर देत होतं, म्हणून उजवीकडे कलला. आयटीआयचा पहिल्या वर्षाचा पोट्टाही सांगन हे.

शालिकरामले एक फोन केला की सारं भंगारात जाते. कोणाले कळणार नाही. दर्शनीची अटही पुरी होते. घरी येईन, जेवन, हसन.

फोन हातात घेऊन अंगणात किती चकरा मारल्या, त्याचा हिशोब नाही.

२८ मार्च

अकोल्याले गेलो. ज्योत्स्नाले सांगितलं, पेन्शनच्या कामानं जातो. बॅगेत दोन दहाच्या प्लेटा टाकल्या, एक लाल, एक निळी. तोंडानं सांगता नाही आलं तं तिच्या हातात देऊ म्हटलं. कंडक्टर बॅग सरकवायले गेला आन् कळवळला. "काका, घरचं उखळ घेऊन चालले काय?"

जठारपेठेत तिच्या लॅबसमोर चहाच्या टपरीवर दोन तास बसलो. चार चहा झाले. दीड वाजता ती बाहेर आली, मैत्रिणीसंग. बारीक झाली आहे. खांदे तेच. स्कूटीवर बसताना उजवा हात कमरेवर गेला तिचा, अगदी सहज, जसा माणूस चष्मा सरकवते. मी उठलो. आवाज द्यायचा होता.

नाही दिला.

वीस किलो लोखंड अकोल्याले नेलं आन् परत आणलं. खांदा दुखून राहिला. दुखू दे.

५ एप्रिल

ज्योत्स्नाले सांगितलं. ती मेथी निवडत होती. काडी हातात तशीच राहिली. मले वाटलं, बोलन काही, रडन. ती म्हणे, "मले काहून सांगता? तिले सांगा."

मी म्हटलं, ती येईन तं सांगीन. पण सामान दिसलं तं दारातूनच परत जाईन.

"मग ठरवा. प्लेटा लपवायच्या का सांगायचं."

१३ एप्रिल

गॅरेजमध्ये आता बाकी काही नाही. बार नाही, रॅक नाही, नुसत्या पांढऱ्या आकृत्या. आन् दोन भिंतींवर सोळा प्लेटा. डावीकडे लाल, उजवीकडे निळ्या. जशा होत्या तशा. दाराजवळ काटा.

राजापेठेतून पांढरा पेंट आणला होता टिक्के पुसायले. डबा उघडला नाही. तिले जसं होतं तसंच दाखवायचं आहे.

१४ एप्रिल

आली. पांढरा ड्रेस, हातात मिठाईचा डबा. मले "जयभीम बाबा" म्हटलं, नजर खांद्यावरून पलीकडे. गॅरेजचं दार लोटून पाह्यलं. दोन मिनिटं उभी राहिली तिथं. मी मागं होतो.

ती वळली आन् ज्योत्स्नाले म्हणे, "नाहीच काढलं नं शेवटी यायनं."

पण परत गेली नाही. वंदना घेतली, जेवली, मायसंग इर्विन चौकात बाबासाहेबांच्या पुतळ्यापाशी जाऊन आली. घरात पाहुणे, बाहेर डीजे. दिवसभर मी तिच्या मागं मागं, या खोलीतून त्या खोलीत. ती पाणी प्यायले गेली तं मी माठाजवळ. सांगणं काही झालं नाही. उद्या सकाळच्या बसनं जाते. सोडायले मी जातो म्हटलं. नाही म्हटली नाही.

१५ एप्रिल

सांगितलं. बस स्टँडवर, ती खिडकीत बसल्यावर, खाली उभं राहून, एका दमात. लाल भारी, निळ्या हलक्या, दोन किलो तीनशे, तू खरं बोलत होती, मले माहीत नव्हतं, मागच्या महिन्यात कळलं.

ती म्हणे, "मले तेव्हाच कळलं होतं, बाबा. काटा भिंतीवरच होता, मी एकेक ठेवून पाह्यली. म्हणूनच दोन्हीकडे एकेक लाल चढवली होती. तुमी आले, आन् स्वतःच्या हातानं काढली. मले वाटलं, मी घट्ट व्हावं म्हणून तुमीच मुद्दाम करून ठेवलं. तुमी आन् न मोजता काही ठेवान?"

मी म्हटलं, माहीत नव्हतं, माय.

तिनं खिडकीतून खाली वाकून माह्या तोंडाकडे पाह्यलं. दीड वर्षात पहिल्यांदा.

"खरं?"

कंडक्टरनं घंटी मारली. मी हो म्हटलं, जोरानं म्हटलं, पण खिडकी तोवर पुढं निघून गेली होती.