फुटलेलं घोडदळ

धर्मापुरी, ४ मे २०२५

चि. सत्यशीला हिस आत्याचे अ. उ. आ.

शालिवाहन राजाच्या लहानपणावर तू पुस्तक लिहितीस, त्याची पानं पोचली. फोनवर नुसतं हो हो म्हणतीस, म्हणून पत्र. कुंभाराघरी वाढलेलं लेकरू मातीचे घोडे करतं, भाजतं आन् त्यांचं सैन्य उभं राहतं, इथवर झकास. पण घोडे भरीव कावून? आमच्या मालकांनी, तुझ्या मामांनी, तू लिहिलंस तसे बारा घोडे केले आन् भट्टीत घातले. अकरा फुटले, भट्टीतले शेजारचे माठबी फोडून गेले. मामा म्हणाले, असलं सैन्य घेऊन राजा वेशीपर्यंतसुद्धा जायचा न्हाई. पोट पोकळ लागतं, वाफेला भोक लागतं. कुंभाराची पोर असून विसरलीस.

बाकी लई चांगलं हाय. माया ठेव, जेवत जा.

तुझी आत्या
भिवराबाई

पुणे, १९ मे

ती. आत्यास सा. न. वि. वि.

चूक कबूल. मातीत हात घालून वीस वर्षे झाली. प्रकरण नव्याने लिहिले, सोबत पाठवते. आता मुलाचे पहिले घोडदळ फुटते. त्याला वाढवणारी कुंभारीण समजूत काढत नाही. तुकडे वेचायला लावते, लीद घालून माती मळायला बसवते आणि पोट पोकळ कसे ठेवायचे ते दाखवते.

प्रकाशकांना हे नको आहे. राजाचा जन्म थोर कुळातला, कुंभारवाडा नुसती लपायची जागा, ती अर्ध्या पानात उरका, तर दिवाळीला छापू, असे म्हणतात. सहा वर्षांचे काम आहे, आत्या. मन डळमळते.

मामांना नमस्कार. रागावलात तरी चालेल, पण लिहा.

तुमची
सत्यशीला

धर्मापुरी, २८ मे

चि. सत्यशीला हिस अ. उ. आ.

पुस्तक तुझं, ठरवणं तुझं. इथं काय झालं ते सांगती. नवी पानं अंगणात वाचली. परळीचे युसूफभाई माठ न्यायला आलते, टेम्पो भरायचा सोडून बसले. मामा एरवी चार ओळींत चारदा टोकतात, पण आज पुढचं पान वाच म्हणाले. मी प्रकाशकाचं सांगितलं. तर युसूफभाई म्हणाले, लपवायलाच ठेवला असता तर बाईनं त्याला लीद मळायला कशाला बसवलं असतं?

मला बाजारात माठाचा भाव विचारतात. हे कुणी शिकवलं, ते अजून कुणी विचारलं न्हाई.

ख्यालीखुशाली कळव.

आत्या

पुणे, ९ जून

ती. आत्यास सा. न. वि. वि.

काल प्रकाशकांकडे गेले. युसूफभाईंचा प्रश्न विचारला. ते म्हणाले, असे प्रश्न वाचक विचारत नाहीत. मी बाड उचलून परत आणले. दिवाळी हुकली, दुसरे दार ठोठावेन.

घरी आल्यावर शेवटचे पान लिहिले. राज्याभिषेकाच्या दिवशी दरबारात राजाला त्याचे कुळ विचारतात. तो म्हणतो, मी कुंभाराचा, भिवराबाईचा. कुंभारणीला तुमचे नाव न विचारता दिले आहे. काढायला सांगू नका, मी काढणार नाही.

आशीर्वाद आहेच, तो असू द्या.

तुमची
सत्यशीला