मुळासगट

अक्का,

हे पत्र तुझ्या फोटोमागे ठेवणार आहे.

जळगावला मी बंगल्यांपुढे लॉन लावायचा आणि राखायचा धंदा सुरू केला. काल पहिलं काम होतं. लॉनला हरळी लागते, आपल्या कपाशीत दिसली की तू चिडायचीस तीच. लावता लावता अमळनेरची आपली निंदणी आठवली. पुढच्या ओळीतून तू ओरडायचीस, "मुळासगट उपट वं सपना, नही ते परत उगी." मी तुझं निंदणीचं गाणं गुणगुणू लागले.

मालकीणबाईंनी हाक मारली तेव्हा बघते, तर लावलेली अर्धी हरळी मीच उपटून कुंपणाशी वाळत टाकलेली.

पुन्हा सगळी लावली. तू असतीस तर मदतीला नेलं असतं. पण मग दोघींनी मिळून संध्याकाळपर्यंत सगळंच लॉन निंदून काढलं असतं.

तुझ्या मागच्या ओळीतली,
सपना