झाकणावरचं नाव

३ मार्च
आले एकदाची बंगळुरूला! मल्लेश्वरममधली प्रयोगशाळा झकास आहे, कोपऱ्यावरची कॉफी त्याहून झकास. काम झेब्रा माशांच्या गर्भांचं. अंडं फळलं की दर पंधरा मिनिटांनी सगळ्या पेशी एकदम दुभंगतात, कवायतीतल्या पोरांसारख्या. दहाव्या विभाजनानंतर वेग मंदावतो, प्रत्येक पेशी आपापली वेळ धरते. थांबायचं त्यांना कसं कळतं, हेच शोधायचंय. आप्पाजी सर म्हणाले, कायमची जागा एकच. महिनाअखेरीपर्यंत माझ्यात आणि मनस्विनीत निवड होईल.

७ मार्च
मनस्विनी निपाणीची. दहावं विभाजन झालं की गर्भांच्या डिशवर वाकून हळूच कानडीत ‘साकु’ म्हणते, म्हणजे पुरे. मी खो खो हसले. ती मात्र गंभीरपणे म्हणाली, कस्तुरी, त्यांना कुणीतरी सांगावं लागतं गं. तिचे गर्भ दहाला बरोबर मंदावतात. माझे आठव्यालाच मरतात. सर तिच्याच टेबलापाशी रेंगाळतात. नुसता जळफळाट होतो माझा.

२० मार्च
खोटं कशाला लिहू? केलं मी. ती जेवायला गेली तेव्हा तिच्या सर्वांत छान डिशच्या झाकणावरचं नाव स्पिरिटनं पुसलं आणि माझं लिहिलं. नववं विभाजन चालू होतं. उजव्या तर्जनीला निळी शाई लागली. सरांनी पाठ थोपटली. मनस्विनीनं झाकण वाचलं आणि दुसऱ्या डिशकडे वळली. दहाव्याला डिशजवळही आली नाही.

२४ मार्च
जागा मला! मनस्विनी निपाणीला परत गेली. तरी सरांच्या नव्या शोधनिबंधावर पहिलं नाव तिचंच. सलतंय.
आणि ती डिश थांबत नाहीये. एव्हाना मासे पोहायला हवे होते. पेशी अजून दर पंधरा मिनिटांनी दुभंगताहेत, बारीक, आणखी बारीक. मी ‘साकु’ म्हणून पाहिलं. काही फरक नाही.

२६ मार्च
सकाळी डिश जाळून टाकली. तर्जनीच्या टोकाला एक रेघ उमटलीय. शाई नाही. दुखत नाही.

११.१५ — रेघ नव्हे, खाच. बोटाला दोन टोकं. दोन नखं.

११.३० — चार.

११.४५ — आठ. मनस्विनीला फोन केला, रडले, ‘साकु’ म्हण म्हटलं. म्हणाली, माझं आता त्या पेशी ऐकणार नाहीत. झाकणावर जिचं नाव, तिनंच म्हणायचं, पण मनापासून.

१२ — डाव्या हातानं लिहितेय. त्यालाही रेघ — एकच शब्द तर म्हणायचाय. निबंध समोरच आहे. पहिलं नाव तिचं — तेवढं काढू दे, मग म्हणते — आधी तिचं नाव — मग पुर