तुषारगडाचा वेढा

११ एप्रिल १९९९, रविवार

आज पुन्हा हर्षानं आधी धीरजचंच पान उघडलं. चहा निवला तरी मान वर नाही. समोर नवरा बसलाय, तोही लिहितो, हे बायकोला आठवतही नसावं!

धीरज अन् मी कॉलेजपासून सोबत कादंबऱ्या रचत आलो. जादूची राज्यं, बोलणारे घोडे, डोंगरी किल्ले. त्याची ‘तुषारगड’ नागपूरच्या साप्ताहिकात दर रविवारी येते. माझी त्याच संपादकानं साभार परत केली. तो पुलगावचा लेखक झाला, मी पुलगावात कापडाच्या दुकानात पॉपलीन फाडतो.

जळतो मी. इथं लिहायला कसली लाज. माझं लिहिलेलं हर्षानं एकदा असं चहा विसरून वाचावं, एवढंच पाहिजे मला.

१२ एप्रिल

सापडलं! धीरजच्या सेनापतीनं गडाला वैशाखात वेढा घातलाय. का, तर उन्हाळ्यात टाकी आटतील अन् तहानेनं व्याकूळ होऊन लोक दार उघडतील. अरे पण गडाच्या माथ्यावर बारमाही बर्फ आहे, हे त्यानंच लिहिलंय ना! वैशाखात तो बर्फ वितळणार. वर पाणीच पाणी, अन् खालची फौज चिखलात.

वर्ध्याच्या उन्हात भाजलेला माणूसच ही चूक करणार. आपल्याकडे वैशाख म्हणजे कोरडी विहीर, म्हणून सगळ्या जगात तसंच.

सांगणार नाही. पुढचंही तसंच छापू दे. हसतील लोक.

१८ एप्रिल, रविवार

कोणी हसलं नाही.

भैय्याजींच्या पानठेल्यावर अंकाचं वाचन झालं. भैय्याजी स्वतः म्हणाले, ‘ते गडकरीण पेला पेला पाणी वाटून राह्यली ना, माह्या तं डोयात पाणी आलं.’ नळ कोरडे, हंडे रांगेत, त्यामुळे सगळं गाव स्वतःला तुषारगडावरच समजतंय. हर्षा माठ भरताना म्हणते, ‘गडावर कसं करत असतीन बाई!’ माझ्या कादंबरीतल्या एकाही माणसाची तिनं कधी अशी चौकशी केली नाही.

२५ एप्रिल, रविवार

राहवलं नाही. ठेल्यावर सगळ्यांसमोर बोलून टाकलं. म्हटलं, बर्फाच्या डोंगरावर वैशाखात तहान लागत नसते, धीरजभाऊंना एवढंही कळू नये?

हसले लोक, पण मला! ‘पुलगावात धड टेकडी नाई, अन् हा बर्फाचं सांगून राह्यला.’ कान तापले. धीरज मात्र हसला नाही. सुपारी तोंडात तशीच धरून उभा होता.

संध्याकाळी दुकानात आला. वाटलं, भांडणार. तर म्हणतो, ‘चुकलंच बे माह्यं. मंग पाडू कसा गड?’

काय सांगू! मी कापडाची थानं काढून गादीवर डोंगर उभे केले. हिरवं लट्ठ्याचं थान म्हणजे मधल्या उंचीवरचं जंगल. म्हटलं, वैशाखातला वेढा उठव. फौज मागं घे, अन् पौषात परत आण. शिड्या नको, तोफा नको. आधी जंगल धर. हिवाळ्यात वर पाणी असतं ते गोठलेलं. बर्फ वितळवायला सरपण लागतं. सरपण तोडलं की पाणी तुटलं, शेक तुटला, रांधणं तुटलं. आपण खाली शेकोटी पेटवून बसायचं. गड आपोआप पडतो.

धीरज त्या थानांकडे पाहत राहिला. ‘जबरदस्त आहे,’ म्हणाला. पण चेहरा उतरलेला. मला आनंदच झाला. आता त्याला कळलं, कोण हुशार ते.

‘माह्यं नाव टाकजो,’ मी म्हटलं.

‘टाकतो ना बे.’

९ मे, रविवार

आलं! मथळ्याखाली, ‘वेढ्याची आखणी’ अन् पुढं माझं पूर्ण नाव. हर्षानं त्यावरून बोट फिरवलं. ‘तुमी काऊन सांगितलं नाई मले?’ म्हणाली. चहा तिचाही निवला, माझाही.

१६ मे

जंगल पडलं. अगदी मी सांगितल्यासारखं. गिऱ्हाइकांना स्वतःहून अंक दाखवला. भैय्याजींनी पान फुकट दिलं.

२३ मे

धीरज ठेल्यावर आला नाही. म्हणे पुढचं प्रकरण जमून नाही राह्यलं. मला विचारायचं ना! आता तोच माझ्यावर जळत असेल. जळू दे की.

३० मे, रविवार

गड पडला.

सरपण संपल्यावर गडकरणीनं आधी दारं जाळली, मग पेट्या, मग पाळणे. पाळणे रिकामे झाले तसे जाळले, एकेक करून. फौज वर पोचली तेव्हा शरण यायलाही कोणी उरलं नव्हतं.

हर्षानं अंक मिटला. माझ्याकडे न पाहता म्हणाली, ‘लेकरं होती ना हो वरतं.’

पाळणे धीरजनं लिहिले. गडावर कोण राहतं, याचा मी एकदाही विचार केला नव्हता.