भाजलेली भुलाबाई

२९ सप्टेंबर ७४, रविवार
जुन्या बाजारात जोडी भेटली. बाई अन् बुवा, मांडीला मांडी लावून. लाल माती, पक्की भाजलेली. हजारो वर्षांआधीच्या मूर्तीची नक्कल, इंग्रजांच्या काळात कोण्या कारागिरानं केलेली. बुवाचा कान उडालेला. तरी घेतली. माझ्या फळीवर बैल होता, हत्ती होता, जोडी नव्हती. कधीची पाहून राहिली होती.
हे म्हणे, "नकलाच जमा करते तू." म्हटलं, "खरी काचेमागं राहते, हात लावला का शिपाई वरडते. हिले हात लावता येते."

१ ऑक्टो.
सुलीनं घात केला. दिराची पोरगी, उन्हाळ्यात माय गेली, तवापासून आमच्याकडंच. आज गल्लीत घरोघरी भुलाबाई बसली, मातीचे बाई-बुवा, कोजागिरीपर्यंत माहेरपणाले. आमच्याकडं आणाचं कोणाच्या ध्यानातच नाही, दरसाल तिची माय आणे. पोरीनं माझी जोडी काढली, पाटावर मांडली, हळदकुंकू लावलं. मी वरडणारच होती. तर एकटीच गाणं म्हणून राहिली होती.
राहू दिलं.

९ ऑक्टो.
रोज संध्याकाळी पोरी, टिपऱ्या, कल्ला. डब्यातला खाऊ ओळखा म्हणते. आज मी करंज्या केल्या, कोणाले ओळखता आलं नाही. सुली हसली. कित्येक दिवसानं.
कुंकू मातीत मुरलं. घासलं, निघत नाही.

२८ ऑक्टो.
सासूबाई : "कोजागिरी झाली का तलावात सोड. पुजलेली घरात ठेवत नाही."
"माझी आहे ते."
"तुही होती. आता माहेरी आलेली लेक हाय. लेकीले डांबून ठेवतं का वं?"
मी चिडली. म्हटलं, "भाजलेली आहे. विरघळाची नाही, तळाशी चिखलात पडून राहीन ते." सुली ऐकून राहिली होती. तोंड उतरलं. काहून बोलली मी.

३१ ऑक्टो.
सकाळी तलावावर. बाकीच्या पोरींच्या कच्च्या मातीच्या. पाण्यात गेल्या, रंग सुटला, झालं. सुलीनं आमची छातीशी धरलेली. सोडेना. "चिखलात नाही टाकाची."
म्हटलं, बरं झालं, चाल घरी.
तर तेही नाही. "मोठीमाय, घरीच ठेवली तर भुलाबाई पुढच्या साली येईन कशी? गेल्याबिगर परत येता येते का?"
ऊन चढलं. पोरी निघून गेल्या.
आलो तशाच. जोडी पिशवीत, पिशवी दाराच्या खुंटीले. सासूबाई पाहून गेल्या. सुली खाली उंबऱ्यावर बसून आहे, जेवाले उठत नाही. आता तं म्हणे, "तूच सांग ना, भुलाबाईले कुठं धाडाची?"
काय सांगू