नामपूरच्या फाट्यावर

आप्पा,

मी नामपूरच्या फाट्यावर एका चहाच्या टपरीत बसले आहे आणि धाकटा सापडत नाही. तुमचा लाडका, आता पंचेचाळीस वर्षांचा, शुगर झालेला. त्याचा फोन माझ्या सायकलच्या हँडलच्या पिशवीत चार्जिंगला लावलेला आहे. बिस्किटं, चिक्की, खजूर, सगळं खाणं माझ्याकडेच. सकाळी शुगरची गोळी मात्र त्याने माझ्यासमोर घेतली आणि वर नुसता अर्धा कप चहा प्यायला. आता दुपारचा एक वाजून गेला आहे. काय करावं सुचत नाही, म्हणून सफरीच्या वहीत मागच्या पानावर तुम्हाला लिहिते आहे. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, तरी अडचणीत पहिले तुम्हीच आठवता.

द्वारकेहून निघाल्याचा आज बारावा दिवस. कल्पना त्याचीच. म्हणाला, "ताई, गुडघे साथ देतायत तोवर एकदा लांब जाऊन येऊ." धुतलेले कपडे कॅरियरला बांधून वाळवायचे, दिसेल त्या हापशावर बाटल्या भरायच्या, कुणी विचारलं तर सगळी कथा त्याने सांगायची आणि मी शेवटी फक्त "सातपूर, नाशिक" एवढं जोडायचं. सीटने दोघांची कातडी सोलली होती, तरी हसत होतो. उद्या संध्याकाळी घरी पोहोचलो असतो.

आज सकाळी चहाला तुमचा विषय निघाला. तुमच्या शेवटच्या सहा महिन्यांचा. तो शांतपणे म्हणाला, "तू रविवारी यायचीस. डबा घेऊन, पाहुण्यासारखी." नाशिक रोडची नोकरी, मुलांच्या परीक्षा, मी बरंच काही ऐकवलं. तुम्हाला आंघोळ तोच घालायचा, उचलायचा तोच. त्याचं खोटं नव्हतं म्हणूनच जास्त झोंबलं. मी सायकल काढली आणि सुसाट निघाले. नामपूरवरून जाऊ म्हणून कालपासून मीच त्याच्या मागे लागले होते, पण फाट्यावर आले तेव्हा सटाण्याचा रस्ता समोर मोकळा दिसला आणि रागात तीच वाट धरली. थांबले नाही. खूणही ठेवली नाही.

खूण म्हटलं की तुम्ही दिसता. सातपूरचं सायकलचं दुकान एक दिवस बंद ठेवून तुम्ही आम्हाला वणीला नेताय. पुढच्याने प्रत्येक फाट्यावर थांबायचं, मागचा दिसल्याशिवाय हलायचं नाही; जावंच लागलं तर दगडाखाली हिरवी डहाळी ठेवायची, शेंडा आपल्या वाटेकडे करून. मी अकरा वर्षांची, पहिलं पोहोचायची हौस. दिंडोरीच्या पुढे मी तशीच निघून गेले आणि हा फाट्यावर हाफ पेडलची सायकल धरून रडत उभा राहिला. तुम्ही मला मारलं नाहीत. मागे आणून त्याच जागी उभं केलंत आणि त्याला घेऊन रसवंतीत जाऊन बसलात. अर्ध्या तासाने येऊन म्हणालात, "मागच्याला रस्ता माहीत नसतो बाळा, त्याला तू माहीत असतेस." तेव्हा मला फक्त रस न मिळाल्याचं वाईट वाटलं होतं.

आज आठ-नऊ किलोमीटर गेल्यावर चिक्कीचा पुडा हाताला लागला आणि त्याचं खाणं माझ्याकडेच राहिल्याचं ध्यानात आलं. उलटी फिरले. फाट्यावर कुणी नव्हतं. टपरीवालीने सांगितलं, एक दाढीवाला सायकलवर आला होता, दोन्हीकडे बघत बराच वेळ उभा राहिला आणि नामपूरकडे गेला. मला शोधायला गेला, आप्पा. ती म्हणाली, "तुना भाऊले माहीत शे का, तू आठे शे?" मी इथे आहे हे त्याला माहीत नाही म्हटलं आणि रडायलाच लागले. तिने मला पाणी दिलं आणि नवऱ्याला मोटारसायकलवर पिटाळलं. मी पण निघणार होते, तर म्हणाली, "तू बस. तो दुसऱ्या वाटेनं आला मंग?" तिच्या नवऱ्याला जाऊन पाऊण तास झाला. धाकट्याचं काही झालं तर मी त्याच्या बायकोला काय तोंड दाखवू? तुम्हाला तरी काय सांगू?

इथवर लिहिलं आणि मोटारसायकल आली. मागे तो बसलेला, पांढराफटक, घामाने निथळत. बाभळीखाली चक्कर येऊन बसला होता. मेंढ्या चारणाऱ्या एका म्हाताऱ्याने त्याला गूळ चारला. सायकल तिथेच आहे, मागाहून आणू. आता तो टपरीतल्या बाकड्यावर आडवा झाला आहे, चार बिस्किटं खाऊन. डोळे मिटूनच म्हणाला, "सकाळी मी मागून हाका मारल्या गं. वाऱ्यात तुला ऐकू गेल्या नसतील." मी हो म्हटलं.

ही वही तो रोज वाचतो, म्हणून हे पान फाडून घेणार आहे. आप्पा, वारा अजिबात नव्हता. तीन हाका होत्या. तिसरीला त्याचा आवाज फाटला होता, आणि मी गिअर वाढवला.